राखाडी दगडफुलाचं नाव

बोरमळी, ता. चोपडा
५ सप्टेंबर २०२३

सुलक्षणा,

वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज हात वळत नाही, म्हणून ती जागा मोकळी सोडली आहे.

तीन दिवस फोन करते आहे. "फुई, मीटिंगमध्ये आहे," एवढं बोलून तू ठेवतेस. म्हणून हे पत्र. शिवाय लिहिलेलं असलं की नंतर 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणता येत नाही. तुला नाही आणि मलाही नाही.

आज शिक्षकदिन म्हणून शाळेनं बोलावलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी शाल-नारळ चुकत नाही. परत येताना ग्रामपंचायतीच्या सुपडू शिपायानं हाक मारली. मोरनाल्याच्या वरच्या टेकडीवर तीन वर्षांपासून खडीचा क्रशर आहे, तो तुला माहीत आहे. आता त्यांना खदान थेट नाल्यापर्यंत आणायची आहे. १८ ऑक्टोबरला जनसुनावणी आहे आणि कंपनीचा पर्यावरण अहवाल लोकांनी वाचावा म्हणून पंचायतीत ठेवला आहे. सुपडूनं पान उघडून बोट ठेवलं. "मास्तरीणबाई, हाई तुमनी भाचीनंच नाव शे ना?"

तुझंच होतं. पान एकशे बारा. 'मोरनाल्याच्या परिसरातील वृक्षांवर दगडफुलाच्या केवळ चार सामान्य जाती आढळल्या. प्रदूषणास संवेदनशील एकही जात नाही. प्रत्यक्ष क्षेत्रभेट, १८ एप्रिल २०२३.' खाली सही, डॉ. सुलक्षणा बोरसे.

चार?

याच नाल्यात तू दोन वर्षं पीएचडीचं काम केलंस. माझ्या घरी राहून, माझ्या हातच्या कळण्याच्या भाकरी खाऊन. दगडफूल म्हणजे मसाल्यात पडतं तेवढंच मला ठाऊक होतं. ते झाडावर कसं बसतं, कोणतं सालीला चिकटतं, कोणतं पानासारखं सुटतं, हे तू दाखवलंस. "फुई, भिंग डोळ्याला चिकटव आणि मग सगळं डोकंच झाडाजवळ ने." तू धुळ्याला नोकरीला गेलीस, मी थांबले नाही. नऊ वर्षं झाली. दर पावसाळ्यानंतर आणि दर उन्हाळ्यात आखाजीनंतर तीच चाळीस झाडं मी बघते आणि वहीत लिहिते. माझ्या वहीत एकतीस प्रकार आहेत.

आणि १८ एप्रिलला तू नाल्यात आलीस म्हणतेस. आखाजीच्या चार दिवस आधीचा तो दिवस. त्या दिवशी वरच्या काठाच्या गवताला वणवा लागला होता. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत आख्खं गाव ओल्या फांद्या घेऊन विझवत होतं, मी पण होते. वनरक्षक नवलचा पाय भाजला. खाली नाल्यात धुरानं हात दिसत नव्हता. तिथे तू उभी राहून झाडं मोजत होतीस?

तुले लाज वाटनी नही का? तुझ्या बापाची मी सख्खी बहीण, म्हणून विचारते आहे. बाकीचं गाव मागून विचारतं आहे.

प्रमिला

~

धुळे
११ सप्टेंबर २०२३

ती. फुई,

नमस्कार घेशील असं वाटत नाही, तरी करते.

तुझं पत्र तू कॉलेजच्या पत्त्यावर पाठवलंस. पोस्टकार्ड नव्हतं हे नशीब. तरी पाकिटावर 'तातडीचे' असं लाल शाईनं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्यामुळे स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारलं.

अहवालात तारखा टाइप करताना चुका होतात. त्यावरून सगळंच खोटं ठरवू नकोस. असं सर्वेक्षण ठरलेल्या पद्धतीनं होतं. ठरावीक झाडं, ठरावीक उंची, त्या चौकटीत जे येईल तेवढंच मोजायचं. त्यात चार आले असतील तर चार.

तुझ्या एकतीसबद्दल बोलायचं तर नुसत्या भिंगानं जात ठरत नाही. त्याला रसायनं लागतात, काप घेऊन मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. एकच दगडफूल सावलीत हिरवट दिसतं, उन्हात राखी दिसतं, पावसात तिसरंच दिसतं. तू चांगली शिक्षिका होतीस. पण वही ठेवली म्हणून कुणी वनस्पतिशास्त्रज्ञ होत नाही. हे कुणीतरी तुला सांगायला हवं होतं.

एक विनंती. गावात माझ्या नावाची चर्चा वाढवू नकोस. या कॉलेजात सहा वर्षं झाली, मला अजून कायम केलेलं नाही. या वर्षी फाइल वर गेली आहे.

सुलक्षणा

~

बोरमळी
१६ सप्टेंबर २०२३

सुलक्षणा,

तारीख चुकली असेल तर खरी तारीख कळव. कोणत्या दिवशी आलीस, कोणत्या गाडीनं आलीस, कुठे उतरलीस. चोपड्याहून येणारी एस.टी. माझ्या दारासमोर थांबते. तू गावात येऊन माझ्या घरचं पाणी न पिता गेलीस असं मी लोकांना सांगू, की आलीच नाहीस असं सांगू? दोन्हीतलं कोणतं तुला बरं वाटेल?

आणि अहवालातला फोटो क्रमांक तीन बघ. आंब्याच्या खोडावर चुना-गेरूचा पट्टा आहे. मोरनाल्यात झाडांना चुना लावायला कोण जातं? ते झाड चोपडा रस्त्यावरचं आहे, मैलाच्या दगडाजवळचं. गाडी गावात येत नव्हती तेव्हा त्याच्याखाली मी दहा वर्षं एस.टी.ची वाट पाहिली आहे.

मी शास्त्रज्ञ नाही, बरोबर. पण ज्या मुलाला पाढा येत नाही तो 'पाटी फुटली' म्हणतो, हे मला छत्तीस वर्षांत चांगलं कळलं आहे.

सोबत स्पीड पोस्टानं खोकं पाठवते आहे. एकतीस पाकिटं आहेत, तूच शिकवलेल्या घडीची, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कागदाची. प्रत्येकावर झाडाचा नंबर, खोडाची दिशा, जमिनीपासून उंची, तारीख. नावं अर्धी तुझी, अर्धी माझी. कोबीच्या पानासारखं कुरळं असतं त्याला मी कोबी म्हणते. गुळगुळीत सालीवर पहिलीतल्या मुलानं काळ्या रेघा ओढाव्यात तसं दिसतं ती बाराखडी. हसू आलं तर हस.

पहिलं पाकीट मात्र नीट बघ. राखाडी. हिचं नाव तू दिलेलं, हेटेरोडर्मिया. तूच म्हणाली होतीस की हवा बिघडली की अशी नाजूक जात आधी मरते. माझ्या चाळीसपैकी सत्तावीस झाडांवर ती आज आहे आणि दरवर्षी वाढते आहे. म्हणजे नाला धडधाकट आहे, त्याला हात लावू नका, हेच मी सुनावणीत राखाडी हातात धरून सांगणार आहे. आणि ज्या मॅडमला ती दिसली नाही त्यांचं नावही सांगणार आहे.

प्रमिला

~

धुळे
२९ सप्टेंबर २०२३

फुई,

खोकं मिळालं. चार दिवस उघडलं नाही. रविवारी कॉलेजला सुट्टी असताना प्रयोगशाळेत एकटी बसून उघडलं आणि इतका संताप आला की पहिली तीन पाकिटं तशीच परत आत टाकली. कुणी मागितली होती ही पाकिटं तुला?

तुला खरं हवं आहे ना? घे. मी आले नव्हते. एप्रिलमध्ये नाही, मेमध्ये नाही, केव्हाच नाही. सल्लागार कंपनीच्या माणसानं मोबाईलवर चौदा फोटो पाठवले. मी त्यावरून चार नावं सांगितली. 'संवेदनशील एकही जात नाही' हे वाक्य माझं नाही, त्यांनी घातलं. पण मी ते वाचलं, आणि वाचून सही केली.

का केली तेही ऐक. आमच्या विभागात तीन वर्षं एक धड मायक्रोस्कोप नव्हता. मुली शेवटच्या वर्षाला येतात आणि पुस्तकातली आकृती बघून 'निरीक्षण' लिहितात. कंपनी मायक्रोस्कोप देणार होती. आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, "बोरसे मॅडम, तुमच्या एका सहीनं विभागाचं भलं होत असेल तर हरकत काय? तसाही कोरडा भाग आहे तो." मायक्रोस्कोप आला. मुलींनी त्यात पहिल्यांदा कांद्याची साल पाहिली तेव्हा वर्गात आरडाओरड झाली. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आता तू मला वाईट वाटायला लावते आहेस.

त्याच मायक्रोस्कोपखाली तुझी पाकिटं पाहिली. एकतीस नाहीत, एकोणीस आहेत. एकच कोबी तू तीन नावांनी लिहिला आहेस, सावलीतला वेगळा, उन्हातला वेगळा, म्हातारा वेगळा. एकोणीसही पुष्कळ आहेत, ते मी मानते.

पण तुझं पहिलं पाकीट. राखाडीवर पोटॅशचा थेंब टाकला. हेटेरोडर्मिया असती तर पिवळी पडली असती. पडली नाही. पाण्यानं भिजवून कडा उचलली तर खालची बाजू काळी. मग कॉलेजच्या कॅशियरकडून नोटा तपासायचा निळा टॉर्च आणला, खिडक्या लावल्या. फुई, तुझी राखाडी त्या उजेडात हळदीसारखी पेटली. ही पिक्सिन आहे. ही नाजूक नाही. ही शहरात, हमरस्त्याला, धुराधुळीत मजेत वाढते. आमच्या कॉलेजच्या फाटकावरच्या झाडाला पण आहे.

ही हातात धरून तू सुनावणीच्या साहेबांपुढे उभी राहिलीस तर कंपनीचा माणूस दोन वाक्यांत तुला खाली बसवील आणि सगळा मांडव हसेल. जाऊ नकोस. मी कंपनीसाठी सांगत नाही. तुझ्यावर कुणी हसलेलं मला चालणार नाही.

सुलक्षणा

~

बोरमळी
५ ऑक्टोबर २०२३

सुलक्षणा,

तुझं पत्र वाचून मी वही घेतली आणि पहिलं पान उघडलं. 'हेटेरोडर्मिया (राखाडी)', १२ डिसेंबर २०१३. अक्षर माझं नाही, तुझं आहे. मी तुला विचारलं होतं, "नक्की का गं?" तू म्हणालीस, "फुई, पोटॅश संपलंय, पण हीच आहे."

नऊ वर्षं मी तुझी चूक जपली. दर वर्षी नव्या पानावर तुझं ते नाव शुद्धलेखन न चुकवता उतरवलं. आणि या नऊ वर्षांत तू एकदा, फक्त एकदा नाल्यावर आली असतीस, एक थेंब टाकला असतास, तर बास होतं. तुझ्या प्रबंधात पण हेच नाव छापलं आहे ना? खरं सांग. आणि वर मला लिहितेस, वही ठेवली म्हणून कुणी शास्त्रज्ञ होत नाही!

दोन दिवस मी वहीला हात लावला नाही. चुलीत घालावी असंही वाटलं. मग तिसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन नाल्यावर गेले, दगडावर बसले आणि डोकं थंड करून विचार केला. राखाडीला धूळ आवडते, असं तू म्हणतेस. ठीक. मग ती कधी वाढली?

२०१९ पर्यंत राखाडी फक्त पाच झाडांवर होती. पाचही गाडीवाटेच्या कडेची. २०२० ला क्रशर सुरू झाला. २०२१ ला अकरा झाडं. २२ ला एकोणीस. आता सत्तावीस, नव्या झाडांवर नखाएवढे ठिपके. आणि ती वरून खाली आली आहे, क्रशरच्या बाजूनं नाल्याच्या तोंडाकडे, झाडामागून झाड. कोबी २०१९ ला चोवीस झाडांवर होता, आज सहा. बाराखडी अठरावर होती, आज सात. मी येडी, कोबी कमी झाला की पाऊस कमी होता असं लिहीत गेले आणि राखाडी वाढली की खूश होत गेले.

नाव बदललं आणि सगळी वही फिरली. नाला धडधाकट नाही. तीन वर्षांपासून मरतो आहे, आणि कोणत्या बाजूनं मरतो आहे तेसुद्धा त्यात लिहिलेलं आहे.

हे मला निवृत्त मास्तरणीला दगडावर बसून कळलं. तुला प्रयोगशाळेत कळलं नाही? पाकिटांवर तारखा होत्या, झाडांचे नंबर होते, मागे कोणत्या वर्षी कोणत्या झाडावर काय होतं तेही मी टिपलं होतं. दिसलं नाही, की दिसूनही लिहिलं नाहीस?

मी १८ तारखेला उभी राहणार आहे. पण 'आधीचं नाव चुकीचं होतं' हे मी बोलून उपयोग नाही. ते नाव डॉक्टरांनी दिलेलं होतं, ते डॉक्टरांनीच मागे घ्यायला हवं. तू ये. आली नाहीस तर दिवाळीला येऊ नकोस आणि पुढच्या आखाजीलाही येऊ नकोस.

प्रमिला

~

धुळे
१२ ऑक्टोबर २०२३

फुई,

दिसलं होतं.

त्याच रविवारी दिसलं होतं. तुझे आकडे मी फळ्यावर मांडले, दहा मिनिटं बघितले आणि पुसून टाकले. मग तुला 'जाऊ नकोस' असं लिहिलं. आता झालं समाधान?

तू काय मागते आहेस ते तुला कळतं का? सही मी केली, भेट दिली नाही, हे सरकारी साहेबांपुढे बोलायचं. प्रबंधात चूक आहे हेही बोलायचं. सर माझे मार्गदर्शक, त्यांची सहीसुद्धा प्रबंधावर आहे. फाइल वर गेलेली आहे ती कोण खाली आणणार? तुझी पेन्शन सुरू आहे, फुई. तुला रागवायला परवडतं. मला तेही परवडत नाही, मी आतल्या आत जळते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला उभी राहते.

मी येणार नाही. पाकिटं परत पाठवते आहे. प्रत्येकावर खरं नाव लिहिलं आहे आणि कसं ओळखलं तेही. माझ्याकडून इतकंच.

सुलक्षणा

~

बोरमळी
२१ ऑक्टोबर २०२३

सुलक्षणा,

तू मांडवात कधी आलीस ते मला दिसलं नाही आणि संपल्यावर माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेलीस. म्हणून मी काय पाहिलं ते लिहिते. तुला ते माझ्या बाजूनं माहीत असलं पाहिजे.

माझी पाळी आली तेव्हा मी वही घेऊन पुढे गेले. वर्गापुढे छत्तीस वर्षं उभी राहिले, पण इथे माईक होता आणि समोर पोलीस होते. मी वही उघडली, राखाडीचं जुनं आणि नवं नाव सांगितलं, आकडे सांगितले. सल्लागार कंपनीचा तो चष्मेवाला उठला. "आजीबाई, तुमच्याच वहीत या जातीचं नाव नऊ वर्षं वेगळं आहे. मग आज कोणतं खरं धरायचं?" मागून दोन-तीन जण हसले, क्रशरवरचेच असतील. मी घाईघाईनं वहीची पानं उलटायला लागले. तुझ्या पत्रातलं वाक्य आठवलं, सगळा मांडव हसेल. त्या क्षणी तुझा जेवढा राग आला तेवढा जन्मात कुणाचा आला नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ते नाव मी दिलेलं आहे. चुकीचं आहे."

बायकांच्या रांगेतून तू पुढे आलीस. साधी निळी साडी, हातात कापडी पिशवी. साहेबांनी विचारलं, "आपण कोण?" तू नाव सांगितलंस आणि चष्मेवाल्याचा चेहरा असा झाला की अजून डोळ्यांसमोर आहे.

तो म्हणाला, "मॅडम, अहवालावर सही तुमची आहे की नाही?"

"माझीच आहे."

"मग तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

तू म्हणालीस, "तेव्हा."

 मग तू सगळं सांगितलंस. भेट दिली नाही, फोटो रस्त्यावरच्या झाडांचे आहेत, प्रबंधातलं नाव चुकलेलं आहे. आणि त्यानंतर झाडं सांगायला लागलीस. तिसरं झाड, अंजन, कोबी गेला २१ साली. नववं झाड, मोह, राखाडी आली २२ साली. वही माझ्या हातात होती. तुझ्या हातात कागद नव्हता. चाळीसच्या चाळीस झाडं तू तोंडपाठ म्हटलीस, एकही चुकली नाहीस. मी वहीत बोट ठेवून तपासत होते, सवय जात नाही.

साहेब म्हणाले, "हे लेखी देता का?" तू पिशवीतून कागद काढलास.

तू गेल्यावर सुपडू माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, पोर तुमनीच शे." 

माझा राग गेला असं समजू नकोस. फळा पुसलास ते मी विसरलेले नाही. पण पेन्शनचं तू लिहिलंस, ते खरं आहे. तू काय पणाला लावशील याचा मी विचार केला नव्हता. मी फक्त नाल्याचा विचार केला होता.

जेवली होतीस का त्या दिवशी?

फुई

~

धुळे
२ डिसेंबर २०२३

ती. फुई,

जेवले नव्हते. चोपड्याच्या स्टँडवर चहा घेतला आणि अमळनेरपर्यंत उभ्यानं आले. थांबले असते तर तुझ्यासमोर रडले असते, आणि मला तुझ्यावर रागावलेलं राहायचं होतं.

लिहायला उशीर केला, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही घडत नव्हतं. अजूनही घडलेलं नाही. कॉलेजनं कारणे दाखवा नोटीस दिली, तिचं उत्तर दिलं. फाइल परत आली. सर माझ्याशी बोलत नाहीत. समोरून आले की पाठ फिरवून नोटीसबोर्ड वाचतात. विद्यापीठाला प्रबंधातल्या चुकीबद्दल मी स्वतः पत्र पाठवलं, त्याचं उत्तर नाही.

आणि कंपनीनं मायक्रोस्कोप परत नेला. तास सुरू असताना दोन माणसं आली, खोक्यात भरला आणि नेला. पुनम नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे, तिची काचपट्टी अजून त्याच्याखालीच होती. ती काढूसुद्धा दिली नाही. मुली माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना खरं कारण सांगितलं. पुनम म्हणाली, "मॅडम, मग आम्ही आता कशात बघायचं?" 

खरं बोललं की मन हलकं होतं असं लहानपणापासून ऐकत आले. काही हलकं झालं नाही, फुई. उलट इतके दिवस स्वतःवर होता तो राग आता सगळ्यांवर पसरला आहे. तुझ्यावर, सरांवर, त्या चष्मेवाल्यावर. सकाळी उठते तेव्हा दात आवळलेले असतात. मात्र एक झालं आहे. पूर्वी बोरमळीचं नाव निघालं की मी विषय बदलायची. आता बदलत नाही.

क्रशर बंद झाला का? निदान तेवढं तरी झालं असेल तर कळव.

सुलक्षणा

~

बोरमळी
८ जानेवारी २०२४

चि. सुलक्षणा,

क्रशर बंद झालेला नाही. खोटं सांगून तुला बरं वाटायला लावणार नाही. खदान वाढवायची परवानगी तेवढी अडली आहे, सुनावणीनंतर सरकारनं लावलेल्या फेरसर्वेक्षणाचा निकाल येईपर्यंत. जुना क्रशर रोज खडखडतो आहे, आत्ता लिहितानाही ऐकू येतो आहे. आता गावातल्या बायका त्याच्याविरुद्ध अर्ज करणार आहेत, मजकूर मी लिहून दिला.

फेरसर्वेक्षणाला परवा तिघं जण आले. त्यांत एक वयस्क बाई होत्या, हिरव्या टोपीच्या, फार न बोलणाऱ्या. पहिल्या झाडापाशी त्यांनी भिंग काढलं, डोळ्याला चिकटवलं आणि डोकं झाडाजवळ नेलं. मी मनात म्हटलं, या बाईंना येतं. चाळीस झाडं व्हायला पूर्ण दिवस गेला. त्यांनी स्वतः प्रत्येक ठिकाणी थेंब टाकले, टॉर्च मारला, लिहून घेतलं. संध्याकाळी म्हणाल्या, "पाकिटांवरची नावं कुणी लिहिली?" मी तुझं नाव सांगितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, अहवालाचं आणि सुनावणीचंही. पाकिटं परत एकदा चाळली आणि म्हणाल्या, "नावं बरोबर आहेत. अठरा नंबरचं एकदा परत बघायला सांगा." बाकी काही नाही. स्तुती नाही, टोमणा नाही. मला त्या आवडल्या.

जाता जाता नाल्याच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे धूळ अजून पोचलेली नाही, एका जुन्या धावड्याच्या मुळाशी त्यांना दगडफुलाची एक चकती दिसली. तळहाताएवढी पसरलेली, पिवळट, कडा दोऱ्यासारखी बारीक. माझ्या वहीत ती नाही. मी तिथून शंभरदा गेले असेन, पण वाकून पाहिलं नव्हतं. बाईंनी बराच वेळ पाहिलं, थेंब टाकला, परत पाहिलं आणि म्हणाल्या, "मला नाव येत नाही." इतक्या सहज म्हणाल्या की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी पाकीट भरायला सुरी काढली. मी म्हटलं, "जरा थांबा. एकच आहे. माझ्या भाचीला आधी झाडावर बघू दे." त्यांनी सुरी मिटली.

मी त्यापासून काहीही काढलेलं नाही आणि पोस्टानं काही पाठवणार नाही.

येत्या रविवारी ये. ती पुनम पण येणार असेल तर आण, माझ्याकडे दोन भिंगं आहेत. धुळ्याहून पहाटेची गाडी घे म्हणजे नऊला पोचशील. न्याहारी करून निघू. खालच्या टोकापर्यंत दीड तास चालावं लागतं. तुझा माझ्यावर राग आहे, माझा तुझ्यावर आहे, तेवढ्या वाटेत जेवढं भांडून होईल तेवढं भांडून घेऊ. धावड्यापाशी पोचलो की मात्र गप्प बसायचं. तिथे काम आहे.

तुझी,
फुई